लेलँडदादाने दिलेल्या पिस्तुलाची खुशाली

मस्टँग वेल्स, टेक्सास
१९ जुलै

ती. लेलँडदादा यांस,

धाकट्या व्हर्लिनचा साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? वहिनींचा रक्तदाब? कुत्र्याचं ऑपरेशन पार पडल्याचं कळलं, बरं वाटलं. इकडे मी ठीक, चाऱ्याचं दुकान ठीक, आणि आमच्या स्वयंसेवक दलाची रुग्णवाहिकाही (तीच ती, मागचं दार अजून लाथेनेच लागतं) ठीक. मार्चमधल्या प्रकारानंतर काळजीने ईस्टरला तू आणून दिलेल्या पिस्तुलाची प्रकृती तर ठणठणीत आहे. सध्या गावात सुखी असं तेवढंच एक आहे. आभाराचं पत्र तीन महिने उशिरा लिहितोय. त्यात आभार कुठे सापडले नाहीत तर रागावू नकोस.

कायदा तुला पाठच आहे (तूच मला फोनवर दोनदा वाचून दाखवलास). परवाना असेल आणि वर प्रशिक्षण घेतलं असेल, तर आमच्यासारख्या रुग्णवाहिकेवरच्या माणसांनी कामावर पिस्तूल बाळगायला हरकत नाही, फक्त ते कुणाला दिसता कामा नये. प्रशिक्षण मी घेतलं. वर्गात मी सगळ्यात म्हातारा, पण पास झालो. आणि त्याच रविवारी चर्चच्या पत्रकात, वाढदिवस आणि पीच विक्रीच्या मधोमध, ठळक अक्षरांत छापून आलं: 'बंधू व्हर्लिन यांचे, यापुढे गुप्तपणे पिस्तूल बाळगणार असल्याबद्दल, हार्दिक अभिनंदन.' झालं! सहाशे वस्तीच्या गावात त्यानंतर गुप्त राहिलं ते फक्त माझं तोंड. दुकानात माणसं मक्याची पोती मागतात आणि हळूच विचारतात, आज आहे का? मी म्हणतो, सांगता येत नाही. ते म्हणतात, म्हणजे आहे. दलाच्या मदतीसाठी तळलेल्या माशांचं जेवण होतं, तिथे सगळ्या बायका मला मिठी मारताना एकाच बाजूने येत होत्या, दुसरी बाजू जणू महारोग झाल्यासारखी मोकळी.

आता ते ठेवायचं कुठे, हा वेगळाच छळ. कंबरेला ठेवावं तर माझं पोट (तू हसू नकोस, तुझंही मी ईस्टरला पाहिलंय) त्याच्यावर ओसंडतं आणि बसलं की बरगडीत घुसतं. काखेत बांधलं तर स्ट्रेचर उचलताना हात वर जात नाही. घोट्याला बांधलं तर मी लंगडतो. वरून लपवायला सैल शर्ट, तोही बाहेर सोडलेला, जुलैच्या उन्हात. नेडीन, म्हणजे आमची ड्रायव्हर, म्हणते की मी आता बाळंतपणाला आलेल्या बाईसारखा चालतो. तिला चार मुलं आहेत, तेव्हा तिला कळत असणार.

आणि ते हॉस्पिटल! चाळीस मैलांवर, आणि आत पिस्तूल न्यायला बंदी. म्हणून गाडीत एक लोखंडी पेटी बसवलीय, उतरण्याआधी त्यात कुलूपबंद करायचं. मागच्या महिन्यात ऑर्व्हिलला मूतखड्यासाठी घेऊन गेलो. तो सारखा 'आई गं, आई गं' करत होता, त्या गडबडीत मी विसरलो आणि दारातलं यंत्र बोंबललं. पहारेकऱ्याने मला थांबवलं. मी पळत गाडीकडे, पेटी उघडतो तर आत ऑर्व्हिलचं पिस्तूल आधीच झोपलेलं (पेशंटचंही तिथेच ठेवायचं असतं, आणि आमच्याकडचा पेशंट मोकळ्या हाताने आजारी पडत नाही). पेटीत जागा एकाचीच. मी माझं काढतो, त्याचं काढतो, दोन्ही उलटसुलट कोंबून बघतो, आणि तेवढ्यात काचेतून काय दिसतं, तर ऑर्व्हिल स्ट्रेचरवरून उतरला आहे आणि ते रिकामं स्ट्रेचर स्वतः ढकलत आत निघाला आहे. नंतर म्हणाला, व्हर्लिन, तुमचं आवरेपर्यंत खडा पडून गेला असता रे.

इथवरचं मी हसून सांगू शकतो, दादा. पुढचं नाही. ओटिली मावशीबद्दल लिहायचंय. आईची मैत्रीण असली तरी आपल्याला सख्ख्या मावशीपेक्षा जास्त. आता चौऱ्याऐंशीची आहे, महिन्यातून दोनदा पडते, गळ्यातलं मदतीचं बटण दाबते, आणि मी जाऊन उचलतो. लागलेलं काही नसतं. उचलायचं, खुर्चीत बसवायचं, तिच्या हातचा केक खायचा आणि यायचं. बावीस वर्षं गावातल्या लोकांना उचलतोय, पण मी आलो म्हणून चेहरा उजळणारी ती एकटीच. आणि तिच्या यजमानांनी, आपल्या एमिलकाकांनी, गोठ्यात स्वतःचं जे करून घेतलं, त्यानंतर तिच्या उंबऱ्याच्या आत पिस्तूल आलेलं नाही. शेरीफसुद्धा पायरीवरूनच बोलतो. हे सगळं मला ठाऊक होतं. चर्चचं पत्रक तीही वाचते, एवढंच लक्षात आलं नाही.

परवा ती सकाळी आठला स्वयंपाकघरात पडली. दुपारी तीनला विजेचा मीटर बघायला आलेल्या माणसाला ती खिडकीतून दिसली. सात तास! बटण गळ्यातच होतं. दाबलं नाही, कारण दाबलं असतं तर मी आलो असतो.

आम्ही गेलो तर दाराला आतून कडी. ती जमिनीवरूनच म्हणाली, व्हर्लिन, ते बाहेर ठेव. मी म्हटलं, मावशी, आज आणलेलंच नाही. तर म्हणते, "दिसत नाही म्हणजे नाही असं थोडंच आहे? लपवून बाळगायलाच तर दिलंय ना तुला!" मी शर्ट काढला. भर दुपारी, तिच्या व्हरांड्यात, नुसत्या बनियनवर, हात वर करून गोल फिरलो. समोरच्या घरातल्या बाईने फोन काढून फोटो घेतला. मावशीने खिडकीतून माझ्याकडे बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, लहानपणी जॅमची बरणी फोडलीस तेव्हा हाच चेहरा केला होतास.

शेवटी तिने नेडीनला मागच्या दाराची किल्ली कुठे असते ते सांगितलं. नेडीनला एकटीला उचलेना, म्हणून मीटरवाल्याला बोलावलं. मनगट मोडलंय. मी शर्ट हातात घेऊन पायरीवर उभा राहिलो. बावीस वर्षांत पहिल्यांदाच तिला परक्या माणसाने उचललं. घरी येऊन मी रडलो, दादा. तुझ्यापासून काय लपवायचं.

असो. वहिनींना नमस्कार, कुत्र्याला थोपटणे.

तुझा
व्हर्लिन

ता. क. मावशीचा निरोप असा: ज्याने दिलं त्याने माझ्या डोळ्यांदेखत परत न्यावं, मग दार उघडेन. तुझ्या शब्दावर तिचा विश्वास आहे (लहानपणी खरं बोलून मार खायचास तो तूच). तेव्हा येत्या शनिवारी ये. धुरावर ब्रिस्किटचं मांस भाजतो.

ता. क. २. वर 'तुझ्यापासून काय लपवायचं' असं लिहिलंय, ते खोडतो. परवा व्हरांड्यात मी शर्ट काढला, पँट नाही. ते घोट्याला होतं.

मार्चमधला प्रकार तुला फोनवर हसत सांगितला होता. तो हसण्यासारखा नव्हता. ज्याला तपासायला गेलो होतो त्या माणसाची रायफल अकरा मिनिटं नेडीनच्या कपाळासमोर होती आणि मी हातात बीपीचा पट्टा धरून उभा होतो. आता रोज सकाळी तुझं पिस्तूल काढून टेबलावर ठेवतो, गाडीपर्यंत जातो आणि ते न्यायला परत येतो. परवाही तसाच परत आलो होतो. मावशीसाठी नको, माझ्यासाठी ये.