योगदंडाच्या अक्षता

॥ श्री सिद्धेश्वर ॥
सोलापूर, किंक्रांत, १९७४

चि. गुरुबसप्पा, अक्काचा आशीर्वाद.

महानंदासाठी टेंभुर्णीचं स्थळ तू आणलंस. मुलाचं स्वतःचं दुकान, घरात माणसं कमी, हुंडा नको. मी सगळं पडताळलं, कुठं उणं सापडेना. आज होकार कळवायला बसले, पण हात चालेना बघ.

तिला कॉलेजात शंभर वर्षांपूर्वीची एक इंग्रजी कादंबरी आहे. मी भाकरी थापते आणि ती मला मराठीत सांगते. त्यातला बाप पोरांना गोष्टी ऐकू देत नाही, नुसतं गणित. पुढं लेकीचं लग्नही वय आणि मिळकत मांडूनच ठरवतो. मी म्हटलं, "शहाणा माणूस की!" तिनं पुस्तक मिटलं.

परवा भोगीला अक्षता सोहळ्याला गेलो. सिद्धरामेश्वरांच्या योगदंडाशी कुंभारकन्येचं लग्न लागलं आणि मी दरवर्षीसारखे डोळे पुसत अक्षता टाकल्या. तर पोरगी कानाशी म्हणाली, "अव्वा, या नवऱ्याची मिळकत किती गं?"

हसू आलं, आणि मुठीतल्या उरलेल्या अक्षता तशाच राहिल्या. त्यांनाच वरू पाहणाऱ्या कुंभाराच्या पोरीचं मन, स्वतः विरक्त असूनही योगदंड देऊन देवानं राखलं, म्हणून मी हात जोडते. माझ्या पोरीच्या मनात काय आहे, हे मात्र विचारलंच नव्हतं. आज विचारलं. म्हणाली, "एकदा त्यांच्याशी बोलू दे. मग सांगते."

हे वाचून तू म्हणशील, अक्का कादंबरीनं बिघडली. म्हणून हे पत्र टाकत नाही. दुसरं एका ओळीचं लिहिते: मुलाला घेऊन ये, महानंदाला त्याच्याशी बोलायचंय.

मन थाऱ्यावर नसलेली,
तुझी नागव्वाक्का