मागच्या पडद्याआडची खिडकी

१२ एप्रिल, शनिवार
नव्या नाटकाच्या तालमीचा नारळ फुटला एकदाचा. मी लवकर पोचले. हॉलवर फक्त देशमुख काका, नेहमीप्रमाणे. वय बहात्तर, पण किल्ली अजून त्यांच्याकडेच, दार उघडणारे तेच आणि लावणारेही तेच. धूप-उदबत्ती त्यांना चालत नाही. "हात जोडले की पोचतं." मागे एकदा कापराने स्मोक अलार्म वाजून फायर इंजिन दारात आलं होतं, तेव्हापासूनचा नियम. पण मुहूर्ताला धूप नाही म्हणजे मला कसंतरीच होतं. काका बाहेर पायरीवर नारळ सोलत बसले होते. तेवढ्यात मी ट्रंकेवर चढून मागच्या काळ्या पडद्याआडची खिडकी उघडली, पंखा लावला आणि नटराजापुढे धूप पेटवला. काका आत आले ते ऐन धुरात. हात जोडून उभे राहिले, एक शब्द बोलले नाहीत. मुहूर्त म्हणून सूट दिली असणार. बाकीचे येईपर्यंत वाससुद्धा गेला होता.
तालीम बरी. मंदारचं पाठांतर शून्य.

१३ एप्रिल, रविवार
पहाटे वादळ. आमच्या टॅम्पिनीसच्या फ्लॅटच्या काचा नुसत्या थडथडत होत्या. नऊला मंदारचा मेसेज (नाटक मंडळाचा सेक्रेटरी ना तो): हॉलचं छप्पर गेलं.
नवरा नितीन आणि मी टॅक्सीने ईस्ट कोस्टला, हॉलवर. मागचे पत्रे उचकटून शेजारच्या कारपार्कमध्ये पडलेले. रंगमंचाच्या फळ्या फुगल्यात. कपड्यांच्या तीन ट्रंका पाण्यात. हॉल ज्या ट्रस्टचा, त्यांचे मिस्टर ओंग वर बोट दाखवून म्हणाले, "विंडो ओपन. विंड कम इन, रूफ गो अप. हू लॉक लास्ट नाइट?"
सगळे काकांकडे बघायला लागले.
"मीच," काका म्हणाले. मग जरा थांबून, "खिडक्या बघितल्या होत्या मी. बघितल्या होत्या ना?"
कुणाला विचारत होते कोण जाणे. मी तिथेच उभी होते, हातात ओला पडदा धरून. मी

१५ एप्रिल, मंगळवार
परवाचं वाक्य अर्धंच राहिलं. पुरं करते. खिडकी मी उघडली होती आणि लावायला विसरले. पडदा आडवा होता म्हणून काकांना दिसली नाही. त्यांनी बाकीच्या बघितल्याच असणार.
नितीनला सांगितलं. "आता सांगून छप्पर परत बसणार आहे का?" म्हणाला. मला तेवढंच हवं होतं.
सात नऊवाऱ्या घरी आणून धुतल्या, खिडकीबाहेर बांबूंवर वाळत घातल्या. समोरच्या आंटीने विचारलं, "वेडिंग, आह?" हो म्हटलं.

१९ एप्रिल, शनिवार
तालमीऐवजी साफसफाई. सतरा जण. बुओना व्हिस्टाच्या लॅबमधली रिसर्चवाली पोरं आली, बादल्या घेऊन. फळ्या उचलल्या तर खाली जुन्या पडद्याचा तुकडा सापडला. तो पडदा नव्हेच, काकांच्या घरची निळी चादर. काका, काकू आणि आणखी चौघं त्यांच्या फ्लॅटच्या हॉलमध्ये नाटक बसवायचे, तेव्हाची. पुढे काकांनी या हॉलची वायरिंग आपल्या हाताने करून दिली आणि ट्रस्टने जागा वापरायला दिली. हे मी पंचवीसेक वेळा ऐकलंय. आज ते सांगतील म्हणून वाट बघत होते. त्यांनी चादरीची नीट घडी केली आणि बाजूला ठेवली.
नंतर मोरीपाशी मला म्हणाले, "वैशाली, परवा गॅस बंद केला की नाही बघायला बसस्टॉपवरून परत गेलो. बंद होता. पण केल्याचं आठवेना."
तोंडाशी आलं होतं माझ्या. मंदार मॉप मागायला आला आणि मी सुटले. सुटले असंच वाटलं, लाज नाही वाटली त्या क्षणी. ती बसमध्ये वाटली.

२४ एप्रिल, गुरुवार
इराला सांगितलं. पंधरा वर्षांच्या मुलीला, कारण दुसरं कुणी उरलं नाही. फोनवरून नजर न काढता म्हणाली, "जस्ट टेल हिम लाह, आई. व्हॉट्स सो हार्ड?"
काय अवघड आहे ते तिला समजावता येईना. मला तरी कुठे कळतंय.

२७ एप्रिल, रविवार
मंदारच्या कॉन्डोत मीटिंग. छप्पर ट्रस्ट दुरुस्त करतोय, हॉलही परत मिळेल, पण मिस्टर ओंगची अट: किल्ली दुसऱ्या कुणाकडे. मंदारने फार जपून शब्द वापरले, इतके जपून की ऐकवेना. काकांनीच त्याला थांबवलं. "अरे, मीच सोडतोय. उगाच कशाला फिरवून बोलतोस."
मग म्हणाले, पुण्याला जातोय, समीरकडे. मुलगा कधीचा मागे लागलाय. "डॉक्टरला दाखवायचंय. हे असंच सुरू होतं म्हणतात."
आता किल्ली कुणाकडे? सगळे एका सुरात: वैशाली. "तिच्याकडे असली म्हणजे घोर नाही."
आणि मी मान डोलावली. आत्ता लिहिताना स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते. या माणसाने मला या देशात पहिल्या वर्षी घरच्यासारखं जेवायला घातलं. मी त्याचं डोकं त्याच्याकडून काढून घेतेय.

३ मे, शनिवार
छप्पर झालं. नव्या पत्र्यांखाली हॉल परका वाटतो. मागच्या खिडकीला ट्रस्टने कुलूप बसवलंय. काका आले नाहीत.
उद्या सकाळी त्यांच्याकडे जाणार. नितीनला सांगून टाकलंय, इरालाही. म्हणजे आता माघार नाही.

४ मे, रविवार
गेले. काका बॅग भरत होते. चहा त्यांनीच केला. दूध नासलं होतं, चहा फाटलेला. त्यांनी कप तोंडाशी नेला, प्यायले, काही बोलले नाहीत. मीही प्यायले.
मग सगळं सांगितलं. ट्रंक, पडदा, खिडकी, धूप. एका दमात, त्यांच्याकडे न बघता. तुम्ही काही विसरला नाहीत काका, असं दोनदा म्हटलं.
काका हसले. "काल मंदारही असाच आला होता. म्हणाला, खिडकीची कडीच ढिली होती. तुम्ही पोरं माझ्यासाठी किती खोटं बोलाल?"
"खोटं नाही काका. खरंच मी धूप लावला होता."
"अगं, धूप असता तर मला वास नसता आला? मी तिथेच हात जोडून उभा होतो."
मी तोंड उघडलं. तोंडात अजून त्या चहाची आंबट चव होती. धुरात उभे होते ते, डोळे मिटून. मी सूट समजले होते. त्यांना वास आलाच नव्हता, आणि वास जाणं हेही असल्या आजाराचंच लक्षण असतं म्हणे.
"बोल ना," म्हणाले.
टेबलावर हॉलची किल्ली होती, माझ्यासाठी काढून ठेवलेली. शेजारी दुधाचा पुडा, तोंड उघडं. विमान बुधवारी आहे. मी म्हटलं, काका, दूध नवीन आणते, आणि खाली दुकानात गेले. रांगेत उभी राहिले. परत वर गेल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, "आला नसता का वास?"