निखिल सरांचा ‘चक’

मंगळवार, जुलै. शाळेतून आल्याबरोबर

डोक्यातून जाऊनच नाही राहिलं. मागच्या आठवड्यात भूमिकानं आधी मलाच विचारलं होतं, "सर, इंग्रजीच्या या गोष्टीत ‘चक’ (chuck) आहे, त्याचा अर्थ काय जी?" मी म्हणालो, "फेकणे. परीक्षेत येत नाही, पुढे वाच."

आज तिनं तेच नव्या निखिल सरांना विचारलं. मी दाराबाहेरच होतो. नागपूरचा पोरगा, चिखलात पाय घातला नसेल कधी. त्यानं तिलाच उलट विचारलं, "धानाच्या रोवण्यात लांबच्या बाईला पऱ्ह्यांची पेंडी कशी देतेस?" तिनं हातात रोपांची जुडी असल्यासारखी हवेतच फेकून दाखवली.

"बस, हेच. नेम धरायचा नाही, सैल हातानं टाकून द्यायचं."

मग मूळ सांगितलं. आधी अर्थ हनुवटीखाली लाडानं थोपटणे, फेकणे मागून आलं. शब्द बहुतेक फ्रेंचमधून आलेला. पोरं हसत होती. माझ्या तासाला कोणी हसत नाही.

पण पेंड्या मी फेकल्या आहेत, सालेकशाला धानाच्या बांधीत, दहा वर्षं. तो दाखला माझा होता. मलेच कायले नाही सुचला?

त्याची चूक सापडावी म्हणून शाळेची जाडी डिक्शनरी घरी घेऊन आलो. चूक नाही. हनुवटी आहे, फ्रेंचही आहे. ‘चक’खाली पेन्सिलची रेघ आहे आणि बाजूला बारीक अक्षरात लिहिलं आहे, ‘पऱ्ह्यांची पेंडी. वर्गात सांगणे.’

अक्षर माझं. नोकरीच्या पहिल्या वर्षातलं.