अक्षताला सासूबाईंकडे सोपवताना

मी, संयोगिता अतुल चौगले, वय ३९, सैन्याच्या परिचारिका सेवेत मेजर, राहणार राजारामपुरी, आठवी गल्ली, कोल्हापूर, हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे, कोणाचा दाब नाही. दमले आहे, पण तो आजार नव्हे असे डॉक्टरांनीही लिहून दिले आहे. येत्या सोमवारी मला सीमेवरच्या रुग्णालयात हजर व्हायचे आहे. तिथे मुलांना नेता येत नाही.

१. हे माझे तिसरे मृत्युपत्र. आधीची दोन्ही रद्द समजावीत. पहिले, मी आणि माझे पती मेजर अतुल यांनी आपापले, एकाच दिवशी लिहिले. मुलगी अक्षता तेव्हा पाळण्यात होती. आई-बाप दोघेही सैन्यात, म्हणून आमच्या मागे तिचा पालक कोण हे ठरवणे भाग होते. धाकटे दीर हंबीरराव यांचे नाव घातले. ती चार वर्षांची असताना अतुल यांची गाडी घाटात दरीत गेली. त्यानंतर दुसरे लिहिले, त्यातही नाव तेच ठेवले.

२. चार वर्षांपूर्वी मला अशीच बदली आली. अक्षता सात वर्षांची. तिला शिरोळला दिरांच्या घरी ठेवले. सहा महिन्यांनंतर कधीही फोन केला की ती झोपलेली तरी असे, नाहीतर खेळायला गेलेली. रजेवर आले तेव्हा कळले, शाळा बदलली होती. प्रवेश अर्जावर पालक हंबीरराव, आईच्या रकान्यात रेघ.

दीर म्हणाले, "वहिनी, पोरगी रुळलीया हितं. तुमी पावण्यासारखं या, चार दिस ऱ्हावा, जावा."

मी काही बोलण्याआधी सासूबाई सरुबाई आतून आल्या. हातात अक्षताच्या कपड्यांची पिशवी. नोकरी सोडली नाही म्हणून लग्नापासून त्या माझ्याशी सरळ बोलत नव्हत्या. लेकाला म्हणाल्या, "तिची आई हाय ती. पोरगीबी जाणार आन् मीबी." तिघी एसटीने कोल्हापूरला आलो. तेव्हापासून त्या इथेच आहेत.

३. माझ्या मागे अक्षताच्या पालक सरुबाई. वकिलांनी आजऱ्याच्या माझ्या बहिणीचे, क्रांतीचे नाव सुचवले. ती शिकलेली, तयारही आहे. सासूबाई सदुसष्ट वर्षांच्या, अंगठा उठवतात. तरीही आधी त्या, त्यांच्यानंतर क्रांती.

४. फ्लॅट, भविष्य निर्वाह निधी, विमा हे सर्व अक्षताचे. ती सज्ञान होईपर्यंत व्यवहार क्रांतीने सासूबाईंना विचारून करावेत. फ्लॅटमध्ये सासूबाईंनी हयातभर राहावे. त्यांना कोणीही, अक्षताच्या होणाऱ्या नवऱ्यानेसुद्धा, हलवू नये.

५. शिरोळच्या शेतातला अतुल यांचा हिस्साही अक्षताचा. कसायचा मात्र हंबीररावांनीच. भांडायला माझ्यात त्राण नाही, आणि ऊस ते चांगला पिकवतात. त्यांनी अक्षताला भेटावे, सुट्टीत न्यावे. शाळा उघडायच्या आधी परत आणावे.

६. दिरांनी अतुल यांचा वर्दीतला फोटो निवडणुकीच्या फलकावर स्वतःच्या फोटोशेजारी लावला, तोही आकाराने लहान. माझा कुठल्याच फलकावर लावू नये.

७. स्कूटर क्रांतीला. स्वयंपाकघर सासूबाईंचे, आताही आहेच. त्यांच्या हातचे मला तिखट लागते, माझे त्यांना मिळमिळीत. तो प्रश्न या मृत्युपत्राने सुटणार नाही.

८. वकिलांनी हे सर्व सासूबाईंना वाचून दाखवले. मग त्या मला म्हणाल्या, "लेक गेल्याचा कागूद आलता घरात. आता तुजाबी कागूदच धरून बसू व्हय मी?"

मी म्हटले, "आई, नोकरी आहे."

"ठावं हाय. पोरीचं मी बघीन. तू मागारी यायचं बघ की."

ते माझ्या हातात नाही, म्हणून त्याचे कलम करता आले नाही. पालकत्वाला मान्यता म्हणून सासूबाईंनी अंगठा उठवला आहे. अंगठा उठवताना त्यांनी दुसऱ्या हाताने माझे मनगट धरले होते.

वरील मजकूर मी वाचला, बरोबर आहे.

सही : संयोगिता अतुल चौगले

आमच्यासमोर सही केली, आम्हीही त्यांच्यासमोर केली :
१. केरबा ज्ञानू पोवार, शेजारी
२. डॉ. प्रियदर्शनी माने

स्थळ : कोल्हापूर
दिनांक : १२ जून २०२५