गाठीला मत विचारलं नाही

ता. ४ मार्च
चि. ठमीस अनेक आशीर्वाद.
इकडे सर्व ठीक, असं लिहायची पद्धत आहे म्हणून लिहिलं. बाळाच्या एका वृषणात गाठ आहे. सहा महिन्यांच्या पोराला! सर्जन म्हणतात, वृषणासकट लगेच काढू. बाबांनी नेहमीप्रमाणे जेवणाच्या टेबलावर हात वर करायला लावले. आई, बाबा आणि मी थांबावं म्हणालो. विरोधात एकटी तुझी वहिनी. बाबांच्या मते ती गरोदरपणी कॉम्प्युटरसमोर बसून राहिली, त्याचंच हे फळ. तू दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली असल्याच गाठी बघतेस, तेव्हा तुझं मत कळव. बाबांना दुखवू नकोस.
तुझा दादा

ता. ८ मार्च
ती. दादास सा. न. वि. वि.
घरात लोकशाही नांदते आहे हे वाचून धन्य झाले. गाठीला मात्र निकाल कळत नाही, ती वाढतच राहते.

ऐक. बाळ पोटात तिळाएवढं असतं तेव्हाच बीजपेशी त्याच्या शरीरातून सरकत वृषणाच्या जागी जायला निघतात. त्यांतली एखादी बिघडते आणि पुढे गाठ धरते. काही गाठी बीजपेशींना सांभाळणाऱ्या पेशींतून येतात. नेमकं कधी बिघडतं यावरून आमच्या प्रयोगशाळेत दोन तट आहेत, चहासुद्धा वेगळा घेतात. पण वहिनीच्या खुर्चीचं नाव अजून एकानेही घेतलेलं नाही.

कुठली गाठ, ते काढल्यावरच कळेल. मला तुझा राग आलाय, दादा, आणि भीतीही वाटते. बाबांना खुशाल दुखव.
बाळाला पापा. तुला नाही.
ठमी

ता. २४ मार्च
प्रिय वन्सं, स. न.
तुमचं पत्र यांनी वाचून माझ्या हाती दिलं. दुसऱ्या सकाळी कुणाला न विचारता मी बाळाला दवाखान्यात नेलं. मागून हे धापा टाकत आले आणि सहीसाठी पेन मागू लागले. सही मी केव्हाच केली होती. मग बसले बापडे दुपट्यांच्या घड्या घालत.

गाठ अख्खी निघाली. सांभाळणाऱ्या पेशींचीच होती, कुठे पसरलेली नाही. पुढे औषधही नको म्हणतात. मी पोटभर रडून घेतलं.

ऑपरेशनच्या संध्याकाळी मामंजी आले होते. सर्जनना पहिला प्रश्न, एकावर वंश चालेल ना? ते म्हणाले, आरामात. मामंजींचा चेहरा खुलला. मी म्हटलं, वंशाचं नंतर बघू, आधी याला जरा घ्या. त्यांना घेता येईना. मान कुठे धरायची, हात कुठे घालायचा, काही ठाऊक नाही. सहा महिन्यांत त्यांनी त्याला एकदाही उचललं नव्हतं.

लोभ आहेच, तो असाच राहू द्या.
तुमची वहिनी