हँडल मारताना गाडीत कोण होतं

आत्याबाई, गिअर मीच टाकला होता. तुम्हाला माहीत होतं, मला माहीत होतं, आणि इतकी वर्षं झाली तरी तिसऱ्या माणसाला माहीत नाही. सासूला आत्या म्हणते म्हणून इथं लखनौत आलमबागच्या बायका मला हसायच्या, त्यांना कुठं ठाऊक आपल्या साताऱ्याकडची रीत. मी चौथी शिकलेली बाई, गोल गोल लिहिणं मला जमत नाही. आज पितृपक्षातली तुमची तिथी. सकाळी मी तीळ, दर्भ, पाण्याचा तांब्या सगळं मांडून ठेवलं. तुमच्या लेकानं काठीनं तांब्या उडवला. "जिनं मला लंगडा केला तिला पाणी? राहू दे तहानलेली." दर साली हेच. तांब्या दारापर्यंत घरंगळत गेला, मी फरशी पुसली आणि लिहायला बसले.

ती गाडी आली तो दिवस आठवतो का? तुमचा लेक फौजेतून नायक म्हणून सुटून आला होता. छावनीतल्या एका साहेबाची बदली झाली, त्यांना आठ दिवसांत लखनौ सोडायचं होतं, म्हणून त्यांची जुनी गाडी स्वस्तात मिळाली. एक दार दोरीनं बांधलेलं. मागच्या सीटपुढचा पत्रा कुजून एवढं भोक पडलेलं की पायाखालून रस्ता पळताना दिसायचा. चारबाग स्टेशनची सवारी छावनीत सोडायची आणि त्यावर घर चालवायचं, असं ठरलं. तुम्ही नारळ फोडलात, लिंबू-मिरची बांधलीत आणि मला बजावलंत, "ही लक्ष्मी आहे. तुझ्या चार दिवसांत हिला शिवायचं नाही." मी म्हटलं, बरं.

कसली लक्ष्मी! पेट्रोल परवडेना म्हणून त्यानं ती चोरून स्वयंपाकाच्या गॅसवर केली, तेव्हा बरेच जण करायचे. सुरू पेट्रोलवर करायची, मग गॅसवर घ्यायची. पण घरात सिलेंडर एकच. सकाळी तो चुलीपासून सुटून डिकीत जायचा आणि आपण दोघी रॉकेलच्या स्टोव्हचा धूर खात बसायचो. बॅटरी मेलेली, नवी घ्यायची ऐपत नाही, म्हणून रोज पुढून हँडल मारून गाडी सुरू करायची. आणि ती रस्त्यात बंद पडली की मार मला. फॅन बेल्ट तुटला की तुटलेला बेल्ट तो टाकून देत नसे, घरी आणायचा. माझ्या पाठीसाठी. गल्लीच्या तोंडाशी इंजिनाचा आवाज आला की मी कान लावायचे. घरघर असली तर ताट वाढायचं, खटखट असली तर आधी पोरीला शेजारी सोडून यायचं. मारताना तो एक शब्द बोलत नसे, आणि तुम्ही देवापुढं बसून मोठमोठ्यानं जप करायचात. खरं सांगते, त्याच्या बेल्टपेक्षा मला तुमच्या जपाचा राग यायचा. तुम्ही तरी कुठं कमी होतात? पोळी करपली म्हणून तापलेला चिमटा दंडाला टेकवलात, तो डाग अजून आहे.

एकदा गाडी जागची हलेना म्हणून आलमबागचा मिस्त्री घरी आला. तुमचा लेक हँडल उचलून बॉनेटवर हाणत होता. मिस्त्री तोंडातलं पान गालात सरकवून म्हणाला, "नायक साब, गाड़ी है, रंगरूट नहीं. पीटने से लाइन में नहीं लगेगी." मी दाराआड फिसकन हसले. त्याला ऐकू गेलं. मिस्त्री गेल्यावर तेच हँडल माझ्या डाव्या मनगटावर बसलं. वाळकी काटकी मोडावी तसा आवाज झाला. त्या दिवशी पहिल्यांदा तुमचा जप मध्येच थांबला.

हँडल मारायची रीत त्यानंच घालून दिली होती. गाडी गल्लीच्या टोकाला भिंतीकडं तोंड करून उभी असायची. तो भिंत आणि गाडीच्या मध्ये वाकायचा, मी आत बसून क्लच आणि चोक सांभाळायचे. बाईमाणसाचा आवाज गल्लीत नको, म्हणून बोलायचं नाही. गाडी न्यूट्रलला आहे हे बघून दारावर दोनदा ठोकायचं, मग तो हँडल फिरवणार. माझ्या चार दिवसांत माझ्या जागी तुम्ही बसायचात आणि तुम्हीही तसंच दोनदा ठोकायचात.

जानेवारी होता. मनगटाचं प्लास्टर निघून आठवडा झाला असेल. आदल्या संध्याकाळी पोरीनं खेळताना चोकची दांडी उपटली. चार वर्षांची पोर. त्यानं तिच्या कानशिलात अशी लगावली की कानातून रक्त आलं. मला इतकी वर्षं मारलं, ते मी गिळलं. हे गिळवेना. सकाळी बाहेर कोहरा, इथलं दाट धुकं. काच आंधळी, तिच्यापलीकडं त्याची नुसती टोपी दिसतेय, त्यालाही आत कोण बसलंय ते दिसत नसणार. तुम्ही रेडिएटरमध्ये ओतायला गरम पाण्याची किटली घेऊन माझ्या दाराशी उभ्या आहात. मी आत बसते. बघते, गाडी न्यूट्रलला आहे. क्लच दाबते आणि पहिला गिअर टाकते. दारावर दोनदा ठोकते. तो हँडल फिरवतो, एकदा, दोनदा. तिसऱ्यांदा इंजिन पकडतं आणि मी क्लचवरचा पाय काढते. गाडीनं उडी मारली. आधी कुणी ओरडलंच नाही, नुसतं काहीतरी ओलं चिरडल्याचा आवाज. मग तो जे ओरडला ते आजही कुकरची शिट्टी झाली की मला ऐकू येतं.

तुम्ही किटली टाकलीत, दार उघडलंत आणि केस धरून मला बाहेर ओढलंत. मला वाटलं, संपले मी. तर तुम्ही माझ्या जागेवर बसलात, पदर सारखा केलात आणि दात आवळून म्हणालात, "आत जा. कोपऱ्यात बस. तू आज बाहेरची आहेस." लोक धावत आले तेव्हा स्टिअरिंगमागं तुम्ही होतात. "बहू अंदर है, भैया. मैं बैठी थी. मेरा पाँव फिसल गया." त्याच्या कानाशी वाकून मराठीत तेच सांगितलंत, ती शिवायची नाही रे आज. ही एक गोष्ट अशी की तिच्यापुढं कुठला पुरुष काही विचारत नाही. त्यानंही विचारलं नाही.

मी खोटी खोटी चार दिवस कोपऱ्यात बसले. तुम्ही हॉस्पिटलातून यायचात, लांबून ताट सरकवायचात. तिसऱ्या दिवशी मी विचारलं, "का केलंत असं?" तुम्ही म्हणालात, "तुझं नाव कळलं तर तो तुला जिवंत ठेवायचा नाही. माझं काय, मी आई आहे. आईवर हात नाही उचलायचा तो." एवढं बोलून पुन्हा म्हणालात, "आणि परत असं केलंस तर मीच तुझा गळा दाबीन." तुम्ही दाबला असतात. मला त्यात शंका नाही.

त्याचा गुडघा लाकडासारखा झाला. तो खाटेवर, घरात खायला काही नाही. गाडीची चावी तुम्ही माझ्या पुढ्यात टाकलीत, "चालव आता." शिकवायला तोच मिस्त्री. पहिल्याच दिवशी म्हणाला, "भाभीजी, क्लच आहिस्ता छोड़िए, उछलती है." मी म्हटलं, "मालूम है." चारबागच्या गर्दीत ड्रायव्हरच्या जागी बाई बघून सवारी परत उतरायची, टांगेवाले शिट्ट्या मारायचे. एकानं खिडकीतून हात घातला, मी काच वर केली आणि त्याचा हात तसाच घेऊन दहा पावलं गाडी नेली. त्यानंतर कुणी वाटेला गेलं नाही. महिनाभरात मी घर चालवायला लागले. मी दिवसभर बाहेर, आणि तुम्ही घरात त्याच्याजवळ.

एका दुपारी गॅस मध्येच संपला म्हणून मी लवकर परतले. दाराबाहेरच काठीचा आवाज ऐकला. बेल्टचा आवाज वेगळा असतो, काठीचा वेगळा. "लंगडा केलास मला, रांडे," असं तो आईला म्हणत होता. तुम्ही जप करत नव्हतात. माझं नावही घेत नव्हतात. मी आत जाऊन एक वाक्य बोलायचं होतं, एवढंच, आणि ती काठी तुमच्यावरून उठून माझ्यावर आली असती. मी गेले नाही. परत गाडीत जाऊन बसले, काच वर केली, पोरीची शाळा सुटेपर्यंत बसून राहिले. आणि मला बरं वाटलं, आत्याबाई. आज माझी पाठ नाही, एवढंच डोक्यात. तुम्ही आणखी दोन हिवाळे काढलेत. कमरेतून मोडलेल्याच होतात, शेवटी अंथरूण धरलंत आणि गेलात. शेजारच्यांना सांगत होतात, मोरीत पडले. मी मान हलवायचे, हो, मोरीत पडल्या.

आता तो म्हातारा झालाय. काठी त्याला चालायलाच पुरत नाही, आणि त्याला गोळ्या मीच मोजून देते. सकाळी तांब्या उडवला तेव्हा मी ठरवलं, आज सांगून टाकायचं, म्हणजे तुम्हाला ओंजळभर पाणी तरी मिळेल. तोंडानं निघेना म्हणून वहीत लिहिलं. मघाशी माझी लेक डोकावली, "मम्मी, क्या लिख रही हो?" मी म्हटलं, किराणा. तिला मराठी बोललेलं कळतं, वाचता येत नाही. या घरात मराठी वाचणारा तो एकटा. वही त्याच्या खाटेवर ठेवायची, एवढंच काम उरलंय. दोनदा उठले. दोन्ही वेळा तो कुशीवर वळला आणि माझी पाठ आपोआप आखडली, त्या माणसाला भिऊन, ज्याला आता स्वतःच्या हातानं पाण्याचा पेलाही न सांडता धरवत नाही. वही मी माझ्या साड्यांच्या खाली ठेवते आहे.