तू 'डावीकडे' म्हणाली होतीस

फोर्ट केंट,
३ ऑगस्ट

प्रिय रोलांद,

पाकिटावरचं माझं अक्षर बघून तुला वाटेल, ओदेतला काही झालं की काय. तसं काही नाही. तुझी लेक ठणठणीत आहे, मला रोज ओरडते आहे, आणि रविवारी डब्यातून बीन्स आणून देते आहे. मी पत्र लिहितो आहे कारण फोन आता मला जमत नाही. ईस्टरला तुझा फोन आला तेव्हा मी तीनदा 'हो' म्हणालो आणि ठेवून दिला. तू काय विचारलं होतंस ते मला आजही माहीत नाही. पलीकडे तू आहेस एवढंच कळलं होतं.

सध्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर अलागाश नदीचा नकाशा पसरलेला आहे. हो, पुन्हा जातो आहे. अकरा वर्षांनी. सप्टेंबरचा दुसरा आठवडा धरला आहे. तोवर काळ्या माश्या गेलेल्या असतात, मेपलची पानं कडेनं तांबडी व्हायला लागतात आणि उन्हाळ्यातली पोरंटोरं शाळेत परतलेली असतात. पाच रात्री. धरणाखालचा तो धावत्या पाण्याचा टप्पा गाळून मी खाली उमसास्किसच्या तळ्यावरून होडी सोडणार आहे. तिथून लाँग लेक, राउंड पाँड, मग धबधबा, आणि शेवटी गावातल्या पुलाशी. गायतान त्याच्या होडीतून पुढे राहील. पाणी खवळलेलं असेल तर तो वल्हं उभं धरून खूण करील असं ठरलं आहे. त्याला तू ओळखतेस. "खूण करीन, पण तू बघशील का? तुझं लक्ष सगळं खाण्यात," म्हणाला. मी त्याला म्हटलं, कुट्टूचं पीठ दोन किलो घेतो आहे, धिरडी मीच करणार, तू फक्त खा आणि गप्प बस.

गेल्या आठवड्यात होडी माळ्यावरून खाली उतरवली. बाहेरच्या कॅनव्हासला नवा हिरवा रंग दिला. उजव्या कुशीतल्या त्या मोडलेल्या तीन फासळ्या मी तू गेलीस त्याच हिवाळ्यात सिडारच्या लाकडाच्या नव्या बसवल्या होत्या, पण त्यानंतर तिला पाण्यात घालायचा धीर झाला नाही. बाकीच्या फासळ्या जुन्या होऊन मधासारख्या दिसतात. या तीन अजून फिक्या आहेत.

तुला त्या चिमणीचं सांगायचं राहूनच गेलं. पांढऱ्या गळ्याची ती चिमणी, तिची शीळ ऐकू आली की तू चहाचं आधण ठेवायचीस. तू घर सोडून गेल्यानंतरच्या उन्हाळ्यात मी गायतानला म्हणालो, "यंदा चिमण्या आल्याच नाहीत रे." तो माझ्याकडे बघतच राहिला. त्याच्या डोक्यावरच्या फांदीवर ती बसली होती, चोच उघडून, गळा फुगवून. मला तिचा हलणारा गळा दिसत होता. आवाज नव्हता. "क्लोव्हिस," तो म्हणाला, "ती बोंबलते आहे इथे." मी हसण्यावारी नेलं. नंतर मोजून पाहिलं तर ती शीळ मी त्याच्याही आधी चार-पाच वर्षं ऐकलेली नव्हती. चिमण्या येईनाशा झाल्या असंच मी धरून चाललो होतो.

आता तो दिवस. त्यावर मी तुझ्याशी कधी बोललो नाही, कुणाशीच बोललो नाही. धरणाचं पाणी सकाळी सोडलं होतं आणि आपण बाकीच्यांच्या आधी निघालो होतो. तू पुढे, मी मागे, वीस वर्षं बसत आलो तसेच. दुसऱ्या वळणावर तू मान न वळवता ओरडलीस. मी होडी उजवीकडे घातली, थेट खडकावर. पुढचं तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे; मनगट तुझं मोडलं. काठावर आपण ओलेचिंब बसलो होतो, तुझा हात मी माझ्या पट्ट्यानं गळ्यात बांधला होता, आणि तू माझ्या तोंडाकडे बघत विचारलंस, "मी 'डावीकडे' म्हटलं ते ऐकलं नाहीस?"

आणि मी म्हणालो, "ऐकलं. पण या नदीतलं मला तुझ्यापेक्षा जास्त कळतं."

रोलांद, मी ऐकलं नव्हतं. तुझी पाठ दिसत होती, खांदे हलताना दिसले, बस. तू काही म्हणालीस हेसुद्धा मला काठावर तू विचारलंस तेव्हा समजलं. खरं एका वाक्यात सांगता आलं असतं. पण माझा बाप या नदीवर वाटाड्या होता, मी होतो, लोक शिकागोहून आमच्या भरवशावर यायचे. बहिऱ्या वाटाड्याच्या होडीत कोण बसेल? उद्धट ठरलेलं परवडलं, बहिरा ठरलेलं नको, असा हिशेब मी त्या एका क्षणात केला. तू दोन दिवस बोलली नाहीस. फेब्रुवारीत तू लुइस्टनला बहिणीकडे गेलीस. दारात म्हणालीस, "भिंतीशी बोलून बोलून मी थकले, क्लोव्हिस." ते मात्र मी ऐकलं. तू अगदी जवळ उभी होतीस.

कितीदा तू चुलीकडे तोंड करून मला काही सांगितलं असशील आणि मी मागे बसून वर्तमानपत्र चाळत राहिलो असेन. तुझ्या आईच्या शेवटच्या दुखण्यात तू रोज रात्री जेवताना काहीतरी सांगायचीस, मान खाली घालून. मी मान डोलवायचो. काय सांगत होतीस तेव्हा? मी तुला कधी "पुन्हा सांग" म्हटलं नाही. ही लाज मला मनगटापेक्षा मोठी वाटते.

मे महिन्यात ओदेत मला धरून डॉक्टरकडे घेऊन गेली. काचेच्या खोलीत बसवून कानाला यंत्र लावलं, शिट्टी वाजली की बोट वर करा म्हणाले. मी बराच वेळ शहाण्यासारखा बसून राहिलो. बाहेर आलो तर पोरगी रडत होती. "पापा, शिट्ट्या केव्हाच्या सुरू होत्या!" डॉक्टरीणबाई चांगली आहे, समोर बसून सावकाश बोलते. तिनं विचारलं, "केव्हापासून?" मी सतरा वर्षं म्हणालो.  गाडीत बसल्यावर ओदेतनं कागदावर लिहून विचारलं, 'ममाला माहीत आहे?' मी मान हलवली. नाही.

चौदा ऑक्टोबरला बॉस्टनमध्ये माझ्या डाव्या कानाचं ऑपरेशन आहे. उजवा केव्हाच गेला. आत एक यंत्र बसवतील. त्यानं मला ऐकू येईल, बहुधा फोनसुद्धा. पण आत्ता त्या कानात जे थोडं स्वतःचं ऐकणं उरलं आहे ते बहुतेक जाईल, आणि यंत्रातून येणारे आवाज निराळे असतात. सुरुवातीला माणसाला घरच्यांचेही आवाज ओळखू येत नाहीत म्हणे. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बारीक आवाज आधी जातात आणि खालच्या पट्टीतले सगळ्यात शेवटी. तुझा आवाज खर्जातला आहे, रोलांद. चर्चच्या गाण्यात तुला पुरुषांच्या ओळीत उभं करायचे. आजूबाजूला मोटारी, यंत्रं काही नसेल, माणूस चार हातांवर समोर असेल आणि मला त्याचे ओठ दिसत असतील, तर त्या पट्टीतलं मला अजून ऐकू येतं. सप्टेंबरातल्या राउंड पाँडएवढी शांत जागा मला दुसरी माहीत नाही. म्हणून मी होडीतली पुढची बैठक काढून उलटी बसवली आहे. तिच्यावर बसणाऱ्याचं तोंड माझ्याकडे राहील. तुला वल्हं मारायचं नाही, तुझं मनगट थंडीत दुखतं हे ओदेतनं सांगितलं आहे. वल्हं मी मारीन, तंबू वेगवेगळे असतील, आणि सहाव्या दिवशी पुलावरून ओदेत तुला थेट लुइस्टनला पोचवील. तू परत ये असं मी म्हणत नाही, तो हक्क मी काठावरच गमावला. पण इतक्या वर्षांत मला जे जे सांगितलंस आणि माझ्यापर्यंत पोचलं नाही, ते मला एकदा, तुझ्याच आवाजात, माझ्या स्वतःच्या कानानं ऐकायचं आहे. शिव्या असतील तर शिव्या. तू बोलायला लागलीस की मी वल्हं आत घेईन.

तुझाच,
क्लोव्हिस